रिकामं घर परवडलं पाहिजे : पहिला फ्लॅट भाड्याने देताना

ओळखीत कुणी दुसरा फ्लॅट घेतला की आठ-पंधरा दिवसांत मला फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात. भाडं किती सांगू? डिपॉझिट किती घेऊ? करार नोटरीचा चालेल ना? एकटी राहणारी मुलं-मुली ठेवावीत का? आणि आवाज थोडा खाली आणून विचारलेला शेवटचा प्रश्न : उठलाच नाही तर?

आमचा पुण्यात सिंहगड रोडला एक टू बीएचके आहे. २०१४ मध्ये घेतला, आणि भाड्याने द्यायचा म्हणूनच घेतला. पहिले दोन महिने तो रिकामा राहिला. एकीकडे गृहकर्जाचा हप्ता, दुसरीकडे मेंटेनन्स. तिसऱ्या महिन्यात एजंटने आणलेल्या पहिल्याच माणसाला आम्ही हो म्हटलं. करार शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर झाला. सातव्या महिन्यापासून भाडं यायचं थांबलं. आधी "पगार अडकलाय", मग फोन बंद. ते घर परत हातात यायला आणखी पाच महिने गेले. थकलेलं भाडं तर बुडालंच, वर विजेचं बिल आम्ही भरलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट प्रत्येकाला सांगत आले आहे : तीन-चार महिने घर रिकामं राहिलं तरी तुमचं चाललं पाहिजे, एवढी रक्कम बाजूला ठेवा, मगच या वाटेला लागा. कारण आमच्या चुका अज्ञानापेक्षा घाईतून जास्त झाल्या होत्या, आणि ती घाई हप्त्याच्या भीतीतून आली होती. पुढचं सगळं याच धाग्यावर आहे.

पहिली पायरी : बुकिंगच्या आधी हिशेब

बिल्डरच्या ऑफिसात सांगतात तो हिशेब असा असतो : फ्लॅट ७० लाखांचा, भाडं २२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार, पावणेचार टक्के. ऐकायला बरं वाटतं. आता तोच हिशेब वहीत मांडू.

पुणे शहरात खरेदीखतावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणी फी ३० हजार. एजंटचा एक टक्का धरा, ७० हजार. पंखे, गिझर, किचनच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, सेफ्टी डोअर यांचे दोन लाख. घर तुम्हाला जवळपास ७८ लाखांना पडलं.

भाडं बारा महिने मिळेल असं धरूच नका, अकरा धरा. २ लाख ४२ हजार. त्यातून मेंटेनन्सचे ३६ हजार, मिळकतकराचे समजा १५ हजार, एजंटला अर्धा महिना म्हणजे ११ हजार, रंग-प्लंबिंग-किरकोळ दुरुस्तीचे १५ हजार गेले. हातात उरले १ लाख ६५ हजार. ७८ लाखांवर हे जेमतेम दोन टक्के होतात.

कर्ज काढलं असेल तर चित्र आणखी स्पष्ट होतं. ५० लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं : हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. भाडं येणार २२ हजार. दरमहा एकवीस-बावीस हजार तुमच्या पगारातून जाणार, आणि वरचे खर्च वेगळे. "भाड्यातून हप्ता निघेल" हे वाक्य पुण्या-मुंबईच्या आजच्या किमतींना लागू पडत नाही. तरीही लोक घर घेतात, आम्हीही घेतलं. वीस वर्षांनी एक वास्तू नावावर असेल, भाडं हळूहळू वाढेल, हप्ता तेवढाच राहील, हे कारण मला पटतं. पण तेवढी वर्षं खिशातून घालायची तयारी असेल तरच. किंमत वाढेलच असं गृहीत धरून ताण काढायचा असेल, तर थांबा.

मिळकतकराची एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पुणे महापालिका स्वतः मालक राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती मिळत नाही. म्हणजे मागच्या मालकाचं बिल बघून अंदाज बांधलात तर तो चुकणार.

दुसरी पायरी : भाडेकरूच्या नजरेने घर बघणं

आपण राहायला घर घेतो तेव्हा हवा, उजेड, मुलांची शाळा बघतो. भाड्यासाठी घेताना आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे पाणी. उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. सेक्रेटरीकडे जाऊन एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा, बोअर किती दिवस चालते ते विचारा. २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसचे, म्हणजे गियान-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण आढळले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. त्यानंतर घर बघायला येणारं प्रत्येक कुटुंब आधी पाण्याचं विचारायचं, मग भाड्याचं. दुसरी गोष्ट म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावरचा बसथांबा किंवा मेट्रो. ज्याच्याकडे एकच दुचाकी आहे अशा जोडप्याला याचं मोल फार असतं.

कागद मात्र कोणत्याही खरेदीत लागतात तेवढेच : भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीचा आणि बोजांचा वकिलाने घेतलेला शोध), सोसायटीचं भागप्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून बघा. वकिलाची फी वाचवू नका. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापून सरकारजमा करायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची असते. विकणारा "ते मी बघतो" म्हणाला तरीही.

तिसरी पायरी : भाडं ठरवणं

याच इमारतीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत गेल्या तीन महिन्यांत काय भाड्याने घरं गेली, ते वॉचमन आणि दोन एजंटांना विचारा. जाहिरातींतले आकडे मालकाने मागितलेले असतात, ठरलेले नसतात.

आणि हजार रुपयांसाठी अडून बसू नका. २२ हजारांऐवजी २१ हजारांवर चांगलं कुटुंब मिळत असेल, तर अकरा महिन्यांत तुमचे ११ हजार जातात. घर आणखी एक महिना रिकामं राहिलं तर २२ हजार जातात. चालू भाडेकरूच्या बाबतीतही हाच हिशेब. दरवर्षी पाच टक्के वाढ ही सगळ्यांना समजणारी, आधीच करारात लिहिता येणारी गोष्ट आहे. बाजार वर गेला म्हणून एकदम तीन हजार वाढवून मागणारे मालक मी बघितले आहेत. भाडेकरू गेला, घर दीड महिना रिकामं राहिलं, एजंटला पुन्हा पैसे गेले, रंग पुन्हा काढावा लागला.

चौथी पायरी : भाडेकरू निवडणं

इथे घाई सगळ्यात महाग पडते, म्हणून वेळ इथेच घाला. मी चार गोष्टी बघते. उत्पन्न : भाडं घरातल्या कमाईच्या एक-तृतीयांशाच्या आत बसतंय का, गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा किंवा व्यवसाय असेल तर रिटर्न. आधीचं घर : कुठे राहत होते, का सोडलं, आणि त्या मालकाचा नंबर. तो नंबर मी लावतेच, आणि एकच विचारते, "पुन्हा घर द्याल का त्यांना?" उत्तरापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ लागला, त्यातून जास्त कळतं. तिसरं, राहणार किती जण, नावानिशी. चौथं, आधार आणि पॅन, आणि नोकरी असेल तर कंपनीचं ओळखपत्र.

जात, धर्म, "नॉनव्हेज खाता का", "लग्न का नाही झालं" हे प्रश्न मी विचारत नाही, आणि तुम्हीही विचारू नका अशी माझी मनापासून विनंती आहे. शिकायला, नोकरीला गावाकडून आलेली मुलगी पुण्यात आठवडाभर घर शोधत फिरते आणि पगार चांगला असूनही तिला दारातून परत पाठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडे तीन नर्सेस चार वर्षं राहिल्या. एक दिवस भाडं उशिरा आलं नाही. भाडं वेळेवर येणं आणि घर नीट राहणं याचा संबंध माणसाच्या मिळकतीशी आणि सवयींशी आहे. आडनावाशी नाही.

सोसायटी "बॅचलर चालणार नाहीत" म्हणाली, तर तो ठराव लेखी मागा. घर कुणाला द्यायचं हा मालकाचा अधिकार आहे, आणि लेखी मागितलं की बरीचशी चर्चा तिथेच मिटते.

पाचवी पायरी : करार

जुन्या पुणेकरांच्या मनात भाडेकरूची जी भीती बसली आहे, तिला इतिहास आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. पेठांतल्या वाड्यांत तीन पिढ्या नाममात्र भाड्यावर राहिलेली कुटुंबं आणि दुरुस्तीलाही पैसे नसलेले मालक, दोघांचेही हाल आपण बघितले आहेत. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक नुसत्या परवानगीने, म्हणजे लायसन्सवर राहत होते, त्यांनाही कायद्याने भाडेकरू मानलं. तेव्हापासून "घर दिलं की गेलं" हे वाक्य घरोघरी रुजलं.

आता लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात लिव्ह अँड लायसन्सने दिलेल्या राहत्या घराच्या मालकाला खरं संरक्षण आहे. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगी. घरावरचा कायदेशीर हक्क मालकाकडेच राहतो. मुदत संपली की घर रिकामं करून द्यायचं. न दिल्यास कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो आणि राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. लेखी करारात जे लिहिलं आहे, तोच त्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो.

पण हे सगळं करार लेखी आणि नोंदवलेला असेल तर. कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

मग "अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही" हे कुठून आलं? केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सक्तीची नोंदणी नाही, तिथून. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ती पळवाट बंद आहे. अकरा महिने असोत, बावीस असोत की छत्तीस, नोंदणी करायचीच. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हे आम्हाला पाच महिने भाडं बुडाल्यावर कळलं.

खर्च बघाल तर वाटेल की लोक हे टाळतात तरी का. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का. कशावर? मुदतीतलं एकूण भाडं, परत न करायची रक्कम असेल तर ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर. भाडं २२ हजार, डिपॉझिट ६६ हजार, मुदत ११ महिने असेल तर भाड्याचे २,४२,००० अधिक व्याजाचे ६,०५०, मिळून २,४८,०५०. त्याचा पाव टक्का सुमारे ६२० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. कागदपत्र हाताळणीचं थोडं शुल्क आणि घरी येऊन काम करणाऱ्याची फी वेगळी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावायची गरजही उरलेली नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनमध्ये अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन माणूस घरी येतो, आधारवरून ओळख पटते, आणि काही दिवसांत नोंदवलेला करार ईमेलवर येतो. खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्यायची पद्धत आहे. ते आधी बोलून घ्या.

करारातला छापील मजकूर जसाच्या तसा स्वीकारू नका, बसून वाचा. भाडं कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात. नोटीस दोन्ही बाजूंना एकच महिना. लॉक-इन, म्हणजे करार मधेच सोडता येणार नाही असा काळ, ठेवायचं तर किती महिने, आणि ते मोडलं तर काय. मेंटेनन्स कोण भरणार. राहणाऱ्यांची नावं. पोटभाड्याने देता येणार नाही. आणि डिपॉझिट कधी, कसं परत मिळेल, हे तारखेसकट.

डिपॉझिट पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं घेतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वतःचा तसा कायदा केल्याशिवाय ती लागू होत नाही. मी तीन महिन्यांच्या वर जात नाही. नोकरीला नुकत्या लागलेल्या जोडप्याकडून लाख-दीड लाख अडकवून ठेवायला मन धजत नाही. आणि ती रक्कम मिळाल्या दिवशीच वेगळी एफडी करून ठेवते. डिपॉझिट खर्च करून टाकणारा मालक घर सोडायच्या दिवशी भिंतींवरचे डाग शोधायला लागतो, आणि बऱ्याच भांडणांचं मूळ तिथे असतं.

सहावी पायरी : सोसायटी आणि पोलिस

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. हे काम ऑनलाइन होतं. फोटो, ओळखपत्र, कराराची प्रत जोडा आणि मिळालेली पोच जपून ठेवा. एजंट "झालंय" म्हणाला तरी पोच स्वतः बघा.

सोसायटीला आधी लेखी कळवून कराराची प्रत द्यायची. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसार, भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, तरीही एनओसी अडवून ठेवण्याचे प्रकार होतात. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते शुल्क, मात्र द्यावे लागतात, आणि त्यावर मर्यादा आहे : १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्के, त्याहून जास्त नाही. त्यात मिळकतकर धरायचा नाही. आई-वडील, भावंडं, मुलं यांना घर दिलं असेल तर हे चार्जेस लागतच नाहीत. बिलात आकडा फुगलेला दिसला तर भांडण नको, आदेशाचा हवाला देऊन एक पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

सातवी पायरी : चावी द्यायचा दिवस

तासभर काढून भाडेकरूसोबत घरभर फिरा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, प्रत्येक भिंत, ओट्याचा ग्रॅनाइट, बाथरूमच्या टाइल्स, ट्रॉल्या उघडून. महावितरणच्या मीटरचं आणि पाइप गॅस असेल तर त्याच्या मीटरचं रीडिंग दोघांच्या देखत. पंखे किती, ट्यूब किती, चाव्यांचे जोड किती, याची यादी करून दोघांनी सही करायची आणि एक प्रत त्यांना द्यायची. जिथे आधीच ओल आहे, टवका उडालाय, तेही यादीत लिहा. ते त्यांच्या रक्षणासाठी आहे, आणि त्यातून पहिल्याच दिवशी विश्वास बसतो.

चावी दिल्यावर ते त्यांचं घर. "जवळून जात होतो म्हणून आलो" असं म्हणत बेल वाजवू नका. जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा.

वीजबिल तुमच्या नावावर असतं. ते थकलं तर थकबाकी तुमच्या माथी. महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून ठेवा, दर महिन्याला भरल्याचं दिसतं.

आठवी पायरी : दुरुस्त्या

आमचा नियम सोपा आहे. दिवे, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक भाडेकरूने बघायचं. भिंतीच्या आतलं, गळतीचं, गिझर-मोटार बंद पडण्याचं आम्ही, आणि ४८ तासांत माणूस पाठवायचा. एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन त्याच भागातले ठरवून ठेवा आणि त्यांचे पैसे कधी थकवू नका. गच्चीतून पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची असते, पण त्यासाठी पाठपुरावा मालकालाच करावा लागतो. पावसाळ्याआधी, मेमध्ये, एकदा बघून घ्या. ओल आलेल्या खोलीत लहान मूल झोपवावं लागत असेल, तर त्या महिन्याचं भाडं पूर्ण घ्यायचं की नाही याचा विचार स्वतःहून करा. आम्ही एका पावसाळ्यात दोन महिने तीन-तीन हजार सोडले. ते कुटुंब पुढे सहा वर्षं राहिलं.

नववी पायरी : भाडं थकलं तर

पाच तारखेला आलं नाही तर सहा तारखेला फोन करा, शांतपणे. नोकरी गेली असेल, आजारपण असेल, तर हप्ते ठरवून मेसेजवर लिहून घ्या. दुसरा महिनाही कोरडा गेला तर मात्र वाट बघू नका. वकिलामार्फत करारातल्या कलमाचा हवाला देऊन नोटीस पाठवा. डिपॉझिट तीन महिन्यांचं असेल तर तुमच्याकडे वेळ तेवढाच आहे.

मुदत संपूनही घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते; नाही मागितली तर अर्जातलं म्हणणं मान्य केल्यासारखं धरतात. नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता जवळचा आहे, आणि तो नोंदवलेल्या करारामुळेच खुला होतो.

वीज तोडणं, पाणी बंद करणं, कुलूप बदलणं, चार माणसं घेऊन दारात उभं राहणं यांतलं काहीही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडणं बेकायदेशीर आहे, आणि तुमची खरी बाजूही त्यामुळे दुबळी होते. संतापाच्या भरात आम्हीही एकदा मेन स्विचपर्यंत पोचलो होतो. आत भाडेकरूची आजारी आई होती. परत फिरलो, ते बरं केलं असं आजही वाटतं.

दहावी पायरी : टॅक्स

मिळालेल्या भाड्यातून तुम्ही स्वतः भरलेला मिळकतकर वजा होतो. उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीवर तुम्ही दहा रुपये खर्च केले असोत की पन्नास हजार. मेंटेनन्स आणि एजंटची फी वेगळी वजा होत नाही. त्यानंतर गृहकर्जाचं व्याज.

वरच्याच उदाहरणात : २,४२,००० मधून १५,००० मिळकतकर गेला, राहिले २,२७,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे ६८,१०० गेले, राहिले १,५८,९००. पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ४ लाख २१ हजार. म्हणजे कागदावर २ लाख ६२ हजारांचा तोटा. जुन्या करपद्धतीत यातला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो आणि उरलेला पुढची आठ वर्षं घराच्या उत्पन्नातून वजा करायला ओढता येतो. नव्या पद्धतीत, जी आता न सांगता लागू होते, हा तोटा पगारातून वजा करता येत नाही. "कर्ज काढा, टॅक्स वाचेल" हा सल्ला ऐकण्याआधी आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते बघा.

भाडं रोख घेऊ नका. भाडेकरूला एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी, पावती लागते, आणि तुमचा पॅन तिथे दिसतोच. महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर असेल तर वैयक्तिक भाडेकरूलाही टीडीएस कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दोन टक्के आहे.

परदेशात राहणाऱ्यांसाठी नियम वेगळा आणि कडक आहे. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेले कितीतरी मालक हे सांगतच नाहीत, आणि नोटीस मात्र बिचाऱ्या भाडेकरूला येते. आधी सांगा. कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून घेता येतं, जास्त कापलेलं रिटर्न भरून परत मिळतं. भाडं एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात, घ्या, आणि करार-सोसायटीच्या कामासाठी भावाला किंवा बहिणीला रीतसर कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवा. म्हाताऱ्या आई-वडिलांवर ही धावपळ टाकू नका.

अकरावी पायरी : मुदत संपताना

करार संपायच्या साठ दिवस आधी फोनमध्ये आठवण लावा. राहणार असतील तर नवा करार, नवी नोंदणी. जुना करार संपल्यावर "चालू दे तसंच" म्हणून एक महिनासुद्धा काढू नका. सोडणार असतील तर लगेच जाहिरात, आणि नवं कुटुंब घर बघायला आणायच्या वेळा चालू भाडेकरूला विचारून ठरवा.

शेवटच्या दिवशी सामान निघाल्यावर, पहिल्या दिवशीची यादी आणि व्हिडिओ घेऊन पुन्हा घरभर फिरा. वापराने फिका पडलेला रंग, खिळ्याची दोन भोकं, झिजलेला नळ हे तुमच्याकडे. फुटलेलं वॉश बेसिन, तुटलेली ट्रॉली, भिंतभर रंगवलेले क्रेयॉन त्यांच्याकडे, आणि तेही कारागिराने दिलेल्या बिलाइतकंच. सहा वर्षं राहिलेलं ते कुटुंब गेल्या वर्षी स्वतःच्या घरात राहायला गेलं. मुलीने हॉलच्या कडेला आपली उंची पेन्सिलने लिहून ठेवली होती, वर्ष घालून. दोन्ही मीटरची रीडिंग घेतली, एफडी आदल्या दिवशीच मोडून ठेवली होती. दारात उभं राहूनच त्यांच्या खात्यात डिपॉझिट पाठवलं, त्यांच्या फोनवर मेसेज वाजला, आणि मग त्यांनी चाव्यांचे तिन्ही जोड माझ्या हातात दिले.